मृगयेतील मत्सर

षड्रिपूंची नावे क्रमाने सांगताना मत्सर नेहमी शेवटी येतो. हा क्रम त्याच्या सामर्थ्यावरून लावला असेल तर तो चुकला, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आले आहे. काम आणि क्रोध हे निदान उघड्या तोंडाने हिंडतात. लोभाला हिशेबाच्या वहीत तरी पकडता येते. परंतु मत्सर अभिनंदनाचा पोशाख करून येतो, आणि ज्याच्या घरी तो उतरला आहे त्या यजमानालाही आपल्या पाहुण्याचे खरे नाव बहुधा ठाऊक नसते. या रिपूला ओळखावयाचे असेल तर त्याला जेथे आडपडदा कमीत कमी मिळतो अशा जागी जाऊन पाहिले पाहिजे; आणि अशी जागा म्हणजे शिकाऱ्यांचा तळ. दिवसभर सर्वांनी सारखेच श्रम केलेले असतात, एकाच थंडीत सर्व कुडकुडलेले असतात, आणि संध्याकाळी शेकोटीपाशी एकजण खांद्यावर शिंगे टाकून येतो तर बाकीचे रिकाम्या हातांनी. तेथे यश मोजावयास परीक्षक लागत नाही. ते सर्वांच्या डोळ्यांपुढे जमिनीवर पडलेले असते.

आम्ही जन्मात बंदूक हाती धरलेली नाही, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. तेव्हा या विषयात आमचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास त्यास उत्तर एवढेच, की बंदूक आम्हांस अपरिचित असली तरी रिकाम्या हातांनी शेकोटीपाशी परतणे हे अपरिचित नाही. आमच्या एका समव्यवसायी मित्राचा ग्रंथ काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला व त्याचा फार गौरव झाला. त्याच विषयावरील आमची टिपणे त्या वेळी पेटीत पडून होती व अद्यापि तेथेच आहेत. आम्ही मित्राला अभिनंदनाचे पत्र लिहिले, चांगले चार पानी लिहिले. मात्र ते टपालात पडावयास वीस दिवस लागले. त्या वीस दिवसांत पेटीवर ठेवलेल्या त्या लिफाफ्याकडे पाहता पाहताच हा विषय प्रथम आमच्या मनात आला.

ज्या शिकारीच्या निमित्ताने आम्ही हे लिहीत आहोत ती एल्कची शिकार. या नावाने इंग्रजी भाषेत बराच गोंधळ माजविलेला आहे, त्यामुळे त्याचा आधी निकाल लावणे इष्ट. युरोपात एल्क म्हणजे उत्तरेकडील दलदलींत राहणारे, लोंबत्या नाकाचे, पसरट शिंगांचे एक अवाढव्य जनावर. अमेरिकेत त्याच जनावराला मूस म्हणतात. इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी तेथे एक थोरला, भरदार आयाळीचा, फांद्यांच्या शिंगांचा मृग पाहिला आणि स्वदेशी कधी न पाहिलेल्या एल्कचे नाव त्याला देऊन टाकले. हा मृग खरे पाहता युरोपातील तांबड्या हरणाचा व आपल्या काश्मिरातील हंगुलाचा भाऊबंद. शॉनी जमातीच्या भाषेत त्याला वापिटी म्हणतात; पाठीमागच्या पांढऱ्या ढुंगणावरून हे नाव पडले. नावांचा हा घोटाळा आपल्याकडेही येऊन पोहोचला. सर सॅम्युअल बेकर याने गेल्या शतकाआधीच्या शतकात सिंहलद्वीपातील आपल्या शिकारीची जी हकीकत लिहिली, तीत तो पानोपानी एल्क मारतो. प्रत्यक्षात ती आपल्या सह्याद्रीतली सांबरे होत. एका नावाखाली तीन जनावरे उभी आहेत. आणि मत्सर मात्र तिघांच्याही शिकारीत एकच.

युरोपातल्या एल्कची, म्हणजे पहिल्या अर्थाच्या एल्कची, सर्वांत प्रसिद्ध शिकार एका काव्यात आहे. इसवी सन १२०० च्या सुमारास जर्मन भाषेत कोणा अज्ञात कवीने निबेलुंगांची कथा रचली. तीतील नायक सीगफ्रीड हा ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स नगरीच्या गुंथर राजाचा मेहुणा. राजाचा सरदार हागेन याने त्याला ठार करण्याचा बेत केला आणि त्यासाठी शिकारीचे निमित्त काढले. खुनाची कारणे निराळी होती: दोन राण्यांचे भांडण, राजघराण्याचा मान, आणि सीगफ्रीडच्या ताब्यातील अमाप संपत्ती. मत्सर त्या कारणांत अंतर्भूत होता, पण नुसता मत्सर म्हणून तो कोणी उच्चारला नाही. असे असता कवीने खुनाच्या आधी शिकारीचे एवढे लांबलचक वर्णन का केले असावे? वाचता वाचता त्याचे उत्तर आपोआप मिळते.

शिकारीच्या आरंभी हागेनच सुचवितो, की आपण सर्वांनी वेगवेगळ्या वाटांनी जावे, कुत्री व माणसे वाटून घ्यावी, म्हणजे आपल्यांत उत्तम शिकारी कोण हे कळून येईल. सीगफ्रीड एकच वास काढणारे कुत्रे आणि एक माणूस बरोबर घेऊन निघतो. मग तो मारीत सुटतो. रानगवा मारतो, एल्क मारतो, चार रानबैल मारतो, आणि आणखी एक असे भयंकर जनावर मारतो की त्याच्या नावाचा अर्थ लावताना पंडित अद्याप वाद घालीत बसले आहेत. शेवटी बरोबरचे शिकारी हात जोडून म्हणतात, की महाराज, आता पुरे करा, नाहीतर आमच्या डोंगरांत आणि रानांत काही उरणार नाही. सीगफ्रीड हसतो. हे हसणे फार अर्थपूर्ण आहे. ज्याला मत्सर म्हणजे काय हे ठाऊक नाही, कारण त्याला तो कधी करावाच लागला नाही, अशा माणसाचे ते हसणे आहे. त्याचे एवढ्याने भागत नाही. परतताना तो एक जिवंत अस्वल पकडतो, खोगिराला बांधून तळावर आणतो आणि सर्वांच्या करमणुकीसाठी सोडून देतो. अस्वल स्वयंपाकघरात घुसते, हंडे उलथतात, अन्न राखेत सांडते, सरदार धावाधाव करतात. आणि अखेर अस्वलाला गाठतो कोण, तर पुन्हा सीगफ्रीडच.

त्यानंतर जेवणात द्राक्षासव नसते. ते चुकून दुसऱ्या रानात पाठविले, अशी सबब हागेन सांगतो, आणि जवळच्या झऱ्याकडे शर्यत लावण्याची सूचना करतो. गुंथर व हागेन अंगावरचे कपडे उतरून धावतात, सीगफ्रीड सर्व हत्यारांनिशी धावतो, तरी पहिला पोहोचतो तोच. पोहोचून तो शस्त्रे बाजूला ठेवतो व राजाने आधी पाणी प्यावे म्हणून तहानेला तसाच थांबतो. मग तो वाकतो, आणि हागेन त्याच्या पाठीत, खांद्यांच्या मधोमध, भाला खुपसतो. कवीने कोठेही असे म्हटलेले नाही की एल्क आणि रानबैल मारले म्हणून सीगफ्रीड मेला. परंतु त्या दिवसाची प्रत्येक घटना एका पायरीसारखी रचली आहे, आणि प्रत्येक पायरीवर बाकीचे सर्व एकेक अंगुळ खुजे झाले आहेत. आम्हांस तर असे वाटते, की हागेनच्या हाताला त्या दिवशी भाला जड वाटला नसेल, कारण त्याला ढकलावयास तळावरचे शंभर हात होते.

आपल्या वाचकांस येथे किरातार्जुनाची आठवण होणार. रानडुकराच्या अंगात दोन बाण शिरलेले, आणि हे सावज माझे की तुझे यावरून तपस्वी व किरात यांची लढाई जुंपते. भारवीने या भांडणावर महाकाव्य रचले. शिकारीच्या मत्सराचे याहून शुद्ध चित्र कोठे नसेल, कारण तेथे ना राज्य, ना राणी, ना धन. एक मेलेले डुक्कर आणि दोन धनुर्धर. ग्रीकांच्या कथेतही कॅलिडॉनच्या रानडुकराच्या कातड्यावरून मामा-भाच्यांत वैर होते, भाचा मामांना ठार मारतो व शेवटी आई मुलाच्या मरणाला कारण होते. आपली कथा सुखान्त झाली, याचे कारण एवढेच की किरात म्हणून आलेला तो शंकर निघाला. हरल्याची लाज भक्तीत विरघळून गेली आणि वर पाशुपतास्त्रही मिळाले. परंतु प्रत्येक शिकाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्यात शंकर निघत नाही.

काव्यातून आता इतिहासात येऊ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष जेफर्सन याने पश्चिमेकडील अज्ञात प्रदेश शोधण्यासाठी मेरिवेदर लुइस व विल्यम क्लार्क यांच्या हाताखाली जी तुकडी १८०४ साली रवाना केली, तिने १८०५-०६ चा हिवाळा पॅसिफिक महासागराच्या काठी, आजच्या ऑरेगॉन संस्थानात, फोर्ट क्लॅटसप नावाची लाकडी गढी बांधून काढला. तुकडीत तेहतीस जीव होते; त्यांत एक स्त्री व तिचे तान्हे मूल. मुक्काम एकशे सहा दिवसांचा. त्यांत पावसावाचून गेलेले दिवस बारा. खाण्यास मुख्यतः एक वस्तू: एल्कचे मांस. ते पावसाळी हवेत लगेच सडे. १८०५ च्या नाताळच्या दिवशी या वीरांनी जे जेवण केले ते सडत आलेले रोड एल्कचे मांस व त्याबरोबर थोडी नासकी मासळी असे होते. आणि ते केवळ नाइलाजास्तव खाल्ले, असे क्लार्कने आपल्या रोजनिशीत नमूद करून ठेवले आहे. अंगावरचे कपडे कुजले म्हणून नवे कपडे एल्कच्याच कातड्याचे. पायांतले जोडे त्याच कातड्याचे. पॅट्रिक गॅस या सार्जंटाने हिशेब ठेवला आहे: १ डिसेंबरपासून २० मार्चपर्यंत मारलेले एल्क १३१, लहान हरणे २०, तयार केलेले जोडे ३३८.

अशा ठिकाणी उत्तम शिकारी म्हणजे साक्षात अन्नदाता. तो या तुकडीत होता, त्याचे नाव जॉर्ज ड्रूय्यार. बाप कॅनडातला फ्रेंच, आई शॉनी जमातीची. म्हणजे ज्या भाषेने वापिटी हा शब्द दिला त्या भाषेचे बोल त्याने आईच्या तोंडून ऐकले असणार. तो सैनिक नव्हता. दुभाषा व शिकारी म्हणून त्याला पगारावर घेतले होते. पगार दरमहा पंचवीस डॉलर. साध्या शिपायाला पाच डॉलर मिळत व सार्जंटाला आठ. हा तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत. एकाच चिखलात झोपणाऱ्या माणसांत एकाला पाचपट पगार, त्यातून तो परजातीचा, लष्करी शिस्तीबाहेरचा, आणि रोज संध्याकाळी शिंगे घेऊन येणारा तोच! मत्सराला याहून सुपीक जमीन कोणती असेल?

१२ जानेवारी १८०६ रोजी ड्रूय्यार एका सोबत्याबरोबर बाहेर पडला आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी सात एल्क पाडले. लुइसने त्या दिवशी त्याची मनापासून स्तुती लिहिली; या उत्कृष्ट शिकाऱ्यावाचून आमचा निभाव कसा लागला असता कोण जाणे, अशा आशयाची. परंतु त्याच दिवशीच्या नोंदीत आणखी एक गोष्ट आहे आणि आम्हांस ती स्तुतीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. तोपर्यंत अशी वहिवाट होती, की जनावर मारले की त्याचे मांस चार चुलींत वाटून द्यावयाचे. तुकडीचे चार गट केलेले होते व प्रत्येक गटाची चूल वेगळी. आपापल्या वाट्याचे काय करावयाचे ते त्या त्या चुलीने ठरवावे. लुइसला असे आढळले, की हाती भरपूर मांस आले की माणसे ते बेसुमार उडवितात. म्हणून त्या सात एल्कपासून नवा नियम झाला: मांसाच्या पट्ट्या करून धुरावर वाळवावयाच्या आणि त्या थोड्याथोड्या वाटावयाच्या.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. जनावर ज्याने मारले त्याचे ते कधीच नव्हते. गोळी ड्रूय्यारची, पण मांस चार चुलींचे. आणि पुढे तर चुलींचेही नव्हे, कोठीचे. ज्याच्या हातून पोट भरते त्याच्याविषयी मनात मत्सर उगवला तरी त्याला वाढावयास अवकाश राहत नाही, कारण त्याचे यश रात्रीच्या आत आपल्या पोटात जाऊन बसलेले असते. उद्या तो रिकामा परतला तर उपाशी आपणच राहणार. ड्रूय्यारचे नेम चुकावे असे मनातल्या मनातसुद्धा वाटणे ज्या व्यवस्थेत मूर्खपणाचे ठरते, ती व्यवस्था सीगफ्रीडच्या तळापेक्षा शहाणी होती. तेथे मात्र मारलेली जनावरे हे केवळ प्रदर्शन होते. खावयास त्यांची कोणाला निकड नव्हती. या मोहिमेच्या रोजनिशा पुष्कळांनी लिहिल्या व त्या छापून निघाल्या आहेत. भांडणे, चोऱ्या, फटक्यांच्या शिक्षा, सर्व काही त्यांत सापडते. पण ड्रूय्यारचा हेवा केल्याचे एकही वाक्य आमच्या वाचनात आलेले नाही.

याच मोहिमेत मत्सराचा आणखी एक दरवाजा बंद करण्यात आला होता, आणि तो बंद करणारा लुइसच होता. क्लार्कला कप्तानाची सनद देण्याचे त्याने कबूल केले होते. सरकारने पाठविली ती दुय्यम लेफ्टनंटाची. लुइसने ही गोष्ट तुकडीतल्या कोणालाही कळू दिली नाही. अखेरपर्यंत दोघेही कप्तान म्हणूनच वावरले, हुकूम दोघांच्या नावाने निघत. ही दुरुस्ती सरकारी दप्तरात व्हावयास २००१ साल उजाडावे लागले. तोवर क्लार्कला जाऊन एकशे साठ वर्षांवर काळ लोटला होता.

परतीच्या वाटेवर एल्कच्या शिकारीतच एक विलक्षण प्रसंग घडला. ११ ऑगस्ट १८०६ रोजी मिसूरी नदीकाठच्या झुडपांत लुइस आणि पिएर क्रूझात असे दोघे एल्कच्या मागे शिरले. क्रूझात हा उत्तम नावाडी आणि तुकडीचा सारंगीवाला. एका डोळ्याने आंधळा व दुसऱ्याने अधू. लुइसने एक एल्क पाडला, क्रूझातने एक जखमी केला. बंदुका पुन्हा भरून दोघे दोन वाटांनी पुढे गेले. लुइस नेम धरीत असता एक गोळी त्याच्या मांडीच्या वरच्या भागातून, पाठीमागून, आरपार गेली. त्याने क्रूझातला हाका मारल्या, उत्तर नाही. तेव्हा शत्रू जवळ आहेत अशा समजुतीने त्याने जखमी अवस्थेत माणसे गोळा केली. शत्रू कोणी नव्हतेच. क्रूझातने कानांवर हात ठेवले; परंतु गोळी लुइसच्या विजारीत अडकून राहिली होती आणि ती क्रूझातच्या बंदुकीच्या जातीची होती. कातड्याच्या पिंगट कपड्यांतला कप्तान त्या अधू डोळ्याला एल्क दिसला असावा.

आता एखाद्या कादंबरीकाराच्या हाती हा प्रसंग सापडला तर तो लगेच म्हणेल, की एकाने एल्क पाडला होता आणि दुसऱ्याचा जखमी होऊन पळाला होता. मग काय ते समजा! लुइसने तसे समजले नाही. त्याने लिहिले, की या माणसाने हे जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही. शिक्षा नाही, चौकशी नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपली रोजनिशी बंद केली, कारण पडून लिहिणे जखमेमुळे फार त्रासाचे झाले होते. मात्र बंद करण्यापूर्वी एका रानटी चेरीच्या झाडाचे शास्त्रशुद्ध वर्णन तेवढे त्याने पुरे केले. पाठीत घुसलेल्या हत्याराचा अर्थ दोन तळांवर किती वेगळा लागला हे पाहण्यासारखे आहे. जेथे वाटेकरी असतात तेथे अपघाताला अपघात म्हणण्याइतका विश्वास शिल्लक राहतो.

शिकाऱ्याच्या यशाची धार बोथट करण्याचे हे शहाणपण लुइसने शोधून काढले असे मात्र नव्हे. आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटातील कुंग लोकांत रिचर्ड ली हा मानववंशशास्त्रज्ञ राहिला होता. त्याने १९६९ साली एक लेख प्रसिद्ध केला. त्याने नाताळासाठी त्या लोकांना मेजवानी द्यावी म्हणून एक चांगला गलेलठ्ठ बैल विकत घेतला. तर जो तो येऊन त्याला हिणवू लागला, की हा कसला बैल, नुसता हाडांचा सापळा, यात आमचे काय होणार! बैल कापल्यावर चरबीचे थर निघाले आणि सर्वजण पोट धरून हसले. पुढे त्याला उलगडा झाला, की तेथे प्रत्येक शिकाऱ्याची अशीच संभावना होते. मोठे जनावर मारून आलेल्याने गप्प बसावयाचे, विचारल्यावर आज काही विशेष हाती लागले नाही असे म्हणावयाचे. आणि आणावयास गेलेल्यांनी एवढ्याशासाठी कशाला आम्हांला दमविले म्हणून कुरकुर करावयाची. शिवाय मांसाचा धनी तो, ज्याचा बाण. आणि बाण एकमेकांना उसने देण्याची चाल असल्यामुळे मारणारा एक व वाटणारा दुसरा असे नेहमी होते. आमच्या सुशिक्षित समाजात यशस्वी माणसाच्या तोंडावर स्तुती व पाठीमागे निंदा असा क्रम आहे. त्या वाळवंटात तो उलटा लावून दिला आहे, एवढाच काय तो फरक.

पुन्हा एल्ककडे वळू. या जनावराच्या वरच्या जबड्यात दोन सुळे असतात, फक्त दोन, हस्तिदंतासारखे गुळगुळीत. खालच्या मैदानी प्रदेशातील क्रो वगैरे जमातींत स्त्रियांच्या पोशाखावर हे सुळे ओळीने शिवीत. एका पोशाखावर तीनशे सुळे असले तर त्याचा अर्थ दीडशे एल्क. ते एकट्या नवऱ्याने मारलेले असत असे नाही. नातलगांच्या भेटी, देवघेव, वडिलार्जित साठा हेही त्यात येई. पण पाहणाऱ्याला कळावयाचे ते कळे. आणि ज्या अर्थी अशा जुन्या पोशाखांवर हाड घासून केलेले नकली सुळेही सापडतात, त्या अर्थी न मिळालेल्या यशाची उणीव कशी भरून काढावी हा प्रश्न तेथील बायकांनाही पडत होता. आमच्याकडे खोट्या मोत्यांची नथ असते, तिचीच ही बहीण. अशा खोटेपणाने कोणाचा जीव गेला नाही. एल्कचा तर नाहीच.

जीव गेले ते पुढे. १८६८ साली न्यू यॉर्क शहरात काही नटमंडळींनी एक बंधुमंडळ स्थापन केले व त्यास एल्कचे नाव दिले. मंडळ वाढले, प्रतिष्ठित झाले. सभासद घड्याळाच्या साखळीला एल्कचा सुळा लोंबकळत ठेवू लागले. एकाच्या साखळीला आहे म्हटल्यावर दुसऱ्याच्या साखळीला हवाच. शहरात बसून शिकाऱ्याची ऐट आणावयास दोन सुळे पुरत असल्यामुळे त्या दोन सुळ्यांसाठी वायोमिंगच्या डोंगरांत एल्क मारून बाकीचे सारे धूड कुजावयास टाकून देणारे लोक निर्माण झाले. जॅक्सन होल खोऱ्यातल्या रहिवाशांनी शेवटी या दातचोरांना दटावून हाकलून लावले, आणि मंडळालाही ही फॅशन सोडावी असे सभासदांना सांगावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या देशात एल्क लाखाच्या आत उरले होते. आज पुन्हा ते दहा लाखांच्या घरात आहेत.

ही सुधारणा ज्यांच्या खटपटीने झाली त्यांत थिओडोर रूझवेल्ट व त्याचा मित्र जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली काढलेले बून अँड क्रॉकेट मंडळ प्रमुख होय. सभासद शंभरच, आणि प्रत्येकाने मोठ्या जनावरांपैकी तीन जातींचा निदान एकेक नर न्याय्य पाठलागात, बंदुकीने, मारलेला असला पाहिजे अशी अट. न्याय्य पाठलाग म्हणजे बर्फात अडकलेल्या किंवा पाण्यात पोहणाऱ्या जनावराला मारण्यात पुरुषार्थ नाही, ही जाणीव. हे नियम चांगले होते. सावजाचे त्यांनी रक्षण केले. शिकाऱ्यांच्या मनाचे मात्र त्यांनी काय केले, याविषयी आम्ही साशंक आहो. लंडनमध्ये पिकॅडिलीत पेंढा भरण्याचे दुकान चालविणाऱ्या रोलंड वॉर्डने १८९२ साली जगातल्या शिंगांच्या मोजमापांचे पुस्तक छापले, आणि पुढील आवृत्त्यांत नाव यावे म्हणून आपल्या इकडचे संस्थानिक व गोरे अंमलदार टेप घेऊन बसू लागले. अमेरिकनांनी १९३२ साली स्वतःचे तसेच पुस्तक काढले व १९५० साली गुणांची नवी पद्धत ठरविली. शिंगाच्या मुख्य दांड्याची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, चार ठिकाणचे घेर, दोन दांड्यांमधले अंतर, या सर्वांची बेरीज. डावेउजवे जेथे जुळत नाही तेथे वजाबाकी. आणि सर्व माप इंचाच्या अष्टमांशापर्यंत. शिंगे साठ दिवस वाळवून मगच टेप लावावयाचा.

पूर्वी शेकोटीपाशी बसलेल्याला मत्सर करावयाचा तर समोरच्या सोबत्याचा करावा लागे. त्याच्याबरोबर पुन्हा उद्या रानात जावयाचे असे, तेव्हा त्या मत्सराला मर्यादा पडे. पुस्तक निघाल्यावर न पाहिलेल्या माणसाचा, न पाहिलेल्या रानातल्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या शिंगांचाही मत्सर करता येऊ लागला. त्यात हल्ली पश्चिमेकडील पुष्कळ संस्थानांत चांगल्या रानातली एल्कची शिकार सोडतीवर मिळते. कित्येक वर्षे अर्ज करावा तेव्हा चिठ्ठी निघते. कोलोरॅडोत दरसाल एल्कसाठी निघणाऱ्या शिकाऱ्यांपैकी सुमारे पाचांत एकाला जनावर मिळते. राहिलेले चौघे काय करतात? त्यांच्यापैकी पुष्कळजण, असे आम्हांस वाटते, अभिनंदनाचे पत्र लिहितात व ते वीस दिवस पेटीवर ठेवतात.

या मापांच्या इतिहासातली एक गोष्ट सांगावयाची राहिली. १८९९ साली कोलोरॅडोतील क्रेस्टेड बट या खाणीच्या गावातल्या जॉन प्लूट नावाच्या गृहस्थाने डार्क कॅन्यनमध्ये एक एल्क मारला. शिंगे अजस्र होती. पण त्या काळी गुण नव्हते, अमेरिकनांचे पुस्तक नव्हते, आणि प्लूटला मांस हवे होते. असे सांगतात, की ती शिंगे त्याने गुत्त्यावरच्या उधारीच्या फेडीत देऊन टाकली. तेथे ती पडून राहिली. १९६१ साली कोणी टेप लावून पाहिला तेव्हा ती जगात सर्वांत मोठी निघाली: ४४२ पूर्णांक तीन अष्टमांश. साठ वर्षे जगातले पहिले यश एका गावात लटकत होते आणि त्याचा कोणालाही हेवा वाटला नाही, कारण ते पहिले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मापल्या दिवसापासून मात्र तो आकडा प्रत्येक शिकाऱ्याच्या तोंडी झाला. पुढे ॲरिझोनात १९६८ साली मारलेल्या एका एल्कची शिंगे अशीच पुष्कळ वर्षे न मोजता राहिली होती. ती १९९० नंतर केव्हातरी मोजली, आणि प्लूटच्या एल्कचा पहिला क्रमांक गेला. नवा आकडा होता ४४२ पूर्णांक पाच अष्टमांश. फरक पाव इंचाचा.